मयताच्या गाण्यावर ठेका

गोदातीर कलासंवर्धन मंडळाचे आणि आजच्या सभेचेही अध्यक्ष, आदरणीय धनराजभाऊ. व्यासपीठावर विराजमान असलेले सन्माननीय प्रमुख पाहुणे. मंडळाचे सर्व पदाधिकारी. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांच्या घरच्या स्टुडिओत मी ऐकायला शिकले ते देवरामसर फडोळ. सरांच्या प्रेमापोटी मखमलाबादहून आलेली मंडळी. आणि मागे दारापाशी, खुर्च्या रिकाम्या असूनही उभेच राहिलेले माझे आजोबा पुंजाबाबा भोये, आपणा सर्वांना पल्लवी भोयेचा नमस्कार.

बोलायला सुरुवात करण्याआधी एक विनंती आहे. राजूदादा, माझ्या बोलण्याखाली जे संगीत बारीक आवाजात लावलं आहे, ते बंद करा. आधीच्या वक्त्यांच्या बोलण्याखालीही ते चालू होतं, त्यांना ते गोड वाटलं असेल. नाही, बारीक नको. बंदच करा. भाऊंना विचारायचं असेल तर विचारा, मी थांबते.

आभारी आहे. आता पंखे ऐकू यायला लागले. सर म्हणतात, कुठल्याही खोलीत गेलं की आधी त्या खोलीचा आवाज ऐकावा, मग आपला ऐकवावा.

निवेदकांनी माझी ओळख 'अतिदुर्गम सुरगाण्यातील पहिली आदिवासी पदवीधर कन्या' अशी करून दिली. त्यांनी प्रेमानं दिली, पण दुरुस्त करते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. सुरगाण्यात पदवीधर पुष्कळ आहेत. आज दुपारी या सभागृहात खुर्च्या लावणाऱ्यांपैकी दोघे बी.कॉम. झालेले होते, आमच्याच बाजूचे. मंडळाचा मला असाही निरोप होता, की येताना लुगडं नेसून, डोक्याला मोरपीस लावून ये, फोटो चांगले येतील. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, ''आपल्यात कोन लावतं पीस? मोर नाचवायचाय का त्यांना तिथं?'' म्हणून मी रोजच्या कपड्यांत आले आहे. फोटो बिघडले असतील तर दिलगीर आहे.

मला सरांच्या गौरवपर चार शब्द बोलायला सांगितलं आहे. बोलते.

सरांना आपण सगळे ड्रमर म्हणून ओळखता. पोरवयात ब्रास बँडमध्ये ढोल, मग ऑर्केस्ट्रात ड्रमसेट, मग ऑक्टोपॅड. या सभागृहातल्या किती जणांच्या वरातीत सरांचा हात वाजला असेल? हात वर करा म्हणत नाही, अर्धं सभागृह वर होईल. कळवणला गणपतीत ऑर्केस्ट्रा चालू असताना मांडवाचा एक खांब कलला होता, ही गोष्ट मखमलाबादच्या मंडळींना पाठ आहे. माणसं उठून पळणार, चेंगराचेंगरी होणार, एवढ्यात सरांनी गायकाला डोळ्यानं खुणावलं, 'गात राहा', आणि ठेका असा धरला की लोकांना वाटलं काही झालंच नाही. पोरांनी खांब धरला, बायका-मुलं शांतपणे बाहेर पडली. तेव्हापासून सर सांगतात, वाजवणाऱ्यानं थांबायचं नसतं. तो थांबला की लोक घाबरतात.

साठी उलटल्यावर ऑर्केस्ट्राची कामं कमी झाली. तेव्हा सरांनी ड्रमसेट विकला आणि माईक घेतले. घरामागे झेंडूच्या फुलांचे क्रेट ठेवायची खोली होती, तिचा स्टुडिओ केला. आपल्यापैकी काहींनी पाहिला आहे. भिंतींना आतून गोधड्या ठोकल्या आहेत. त्या सगळ्या सविताकाकूंनी शिवलेल्या, म्हणजे सरांच्या पत्नींनी. काकू म्हणायच्या, ''पोरीबाळींना द्यायला शिवल्या होत्या, ह्यांनी भिंतीला पांघरल्या.'' आजही त्या खोलीत डोळे मिटून बसलं की झेंडूचा वास येतो.

त्या स्टुडिओला एकच शत्रू, शेजारच्या बहिरूनानांची विहिरीवरची मोटार. तिची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायची. सर कुंपणावरून ओरडायचे, ''नाना, पाच मिनिटं बंद करा हो!'' तिकडून उत्तर यायचं, ''देवराम, तुझ्या गाण्यानं माझी कोथिंबीर ओली होते का?'' शेवटी तोडगा निघाला. शेतीची लाईट गेली की मोटार बंद, मग सर बॅटरीवर रेकॉर्डिंग करणार. सगळा तालुका लाईट जाते म्हणून शिव्या द्यायचा, तेव्हा सर हात जोडून म्हणायचे, ''गेली बाई एकदाची!''

मी बी.ए. करत असताना तिथं पोचले, कारण सरांना आमची बोली समजणारं कुणीतरी हवं होतं. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाच्या दिवसांत आमच्याकडे येऊन त्यांनी पावरीची फुंक ऐकली होती, थाळीवरचं गाणं ऐकलं होतं, आणि त्यांना वाटलं, हे आपण आयुष्यभर ऐकलंच नाही. त्यांनी आमच्या पाड्यावरच्या माणसांना एकेक करून मखमलाबादला आणलं. कुणाला कसं गायचं ते शिकवलं नाही. ''लय छान, अजून जोरात'' असंही म्हटलं नाही. चहा दिला, बसवलं, लाईट जाण्याची वाट पाहिली.

इथपर्यंत गौरव झाला. आता जे सांगायचं आहे ते सांगते. माझ्यापुढे चिठ्ठी आलेली आहे, 'आवरते घ्या'. ती मी वाचली.

आज संध्याकाळी सर या दारातून आत आले, तेव्हा रंगीत दिवे फिरत होते, धूर सोडला होता, आणि मोठ्या आवाजात एक गाणं लागलं होतं. आपण सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. पुढच्या रांगेतले काही मान्यवर उठून नाचले. दोघांनी सरांचे हात धरून त्यांनाही ओढलं. सर हसले. त्याच वेळी मागून पुंजाबाबा पुढे आले, माझा दंड धरला, आणि विचारलं, ''पोरी, इठं कोन मेलं?''

मी म्हटलं, ''कुणी नाही, बाबा.''

''मग हे का लावलंय?''

आपण ज्या गाण्यावर नाचलात, ते मयताचं गाणं आहे.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या घरी थाळी लागते. कांशाची थाळी असते, तिच्या मध्यावर मेण लावून एक काडी उभी करतात, आणि ओल्या बोटांनी ती काडी वरून खाली ओढत राहतात. थाळी घुमते. त्या आवाजावर गाणारा मेलेल्याला वाटेला लावतो. तुझ्या घराचं हे दार, इथून निघ. हे तुझं शेत. हा ओहोळ. ही नदी, उतर, भिऊ नको. असं करत करत त्याला पूर्वजांपाशी पोचवायचं असतं. दोन नियम असतात. मेलेलं माणूस पोचेपर्यंत त्या घरात ढोल, ताशा काही वाजवायचं नाही, म्हणजे त्याला रस्ता ऐकू येतो. आणि गाणं मध्ये सोडायचं नाही, कारण जिथं सोडलं तिथं ते माणूस उभं राहतं.

पुंजाबाबा सरांच्या स्टुडिओत आले त्या दुपारी मी होते. बाबांनी थाळी मांडली, मेण लावलं, काडी बसवली, आणि सरांकडे बघू लागले. लाईट गेलेली, मोटार बंद, सगळं तयार. सर म्हणाले, ''बाबा, करा सुरू.''

बाबा म्हणाले, ''नाव सांग.''

''माझं? देवराम.''

''तुझं काय करू? तू बसलाय ना इठं. मेलेल्याचं सांग.''

''कुणी मेलं नाही, बाबा. नुसतं रेकॉर्डिंग करायचंय.''

''मग वाटेला लावू कोनाला? तुझ्या मशीनला?''

मला हसू आलं. सरही हसले. आम्हाला वाटलं, बाबा आता उठतील. बाबा खोटं गात नाहीत. सरांनी भिंतीकडे पाहिलं, त्या गोधड्यांकडे. मग म्हणाले, ''सविता.''

सविताकाकू कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. तेव्हा कुणाचंच काही नीट झालं नाही, त्यांचंही नाही. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येक मिरवणुकीपुढे वाजवलं, त्याला बायकोच्या मागे चार पावलं चालू दिलं नव्हतं. अमरधाम स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर उभे होते सर. दहावा नाही, तेरावा नाही, दारात माणूस नाही.

मग बाबांनी विचारायला सुरुवात केली. घराला दार कुठल्या बाजूला होतं? शेताला कुठल्या वाटेनं जायची? कशाला भ्यायची? सर म्हणाले, ''पाण्याला. गोदागंगेच्या गावात जन्म काढला, पण कधी घाटाची पायरी उतरली नाही. काठावरून नमस्कार करायची.'' बाबा म्हणाले, ''बरं. मग नदीत सावकाश नेऊ.''

आणि बाबा गायले. त्यांच्या बोलीत गायले, म्हणून तुम्हाला शब्द कळले नसतील, त्यासाठी मी दोष देत नाही. शब्द असे आहेत : सविता, गोधडी बाजूला कर, ऊठ. झेंडूच्या वाफ्यातून निघ. कालव्याच्या कडेनं चाल. पुढे नदी आहे. पाणी घोट्याला आलं, भिऊ नको. गुडघ्याला आलं, भिऊ नको. पलीकडून तुझी आई येते आहे, तिचा हात धर. सर माईकपुढे मांडी घालून बसले होते आणि दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. आयुष्यात काही वाजत असताना त्यांचे हात पहिल्यांदा गप्प बसले असतील.

हे ते गाणं. मंडळानं त्याला नाव दिलं आहे 'जंगल बीट'. या गाण्यात जंगल नाही. मखमलाबादचा कालवा आहे.

भाऊ, घड्याळ दाखवू नका, मी ते पाहते आहे. आपण अध्यक्ष आहात, वडीलधारे आहात, म्हणून आपल्या समोरच बोलते, मागे बोलत नाही. आपल्याला हे माहीत नव्हतं असं मला म्हणता आलं असतं तर मी आज गौरव करून खाली बसले असते. पण आपण स्टुडिओत आला होतात. सरांनी आपल्याला पूर्ण गाणं ऐकवलं, मंडळाच्या संग्रहात जपून ठेवा म्हणून दिलं. आपण डोळे पुसलेत. चष्मा काढून पुसलेत, मी रुमाल दिला होता. आणि मग म्हणालात, ''अप्रतिम! मंडळ याचा अल्बम काढेल. फक्त खाली ठेका पाहिजे. ड्रमरच्या अल्बममध्ये ड्रम नाही, हे लोकांना कसं पटणार?'' सर म्हणाले, ''भाऊ, मयताचं आहे. यात वाजवत नाहीत.'' आपण म्हणालात, ''हो हो, समजलं.''

समजलं होतं ना, भाऊ?

मग ठेका कुठून आला ते मी मंडळाचं ध्वनिमुद्रण पाहणाऱ्या राजूदादांना विचारलं. ते बिचारे खरं बोलले. सरांची नाशिक ढोलची जुनी रेकॉर्डिंग आहेत, वरातीतली. त्यातून तुकडा काढला आणि मयताच्या गाण्याखाली चिकटवला. म्हणजे सरांचेच हात. जे हात त्या दुपारी त्यांनी मांडीखाली धरून ठेवले, ते यांनी ओढून बाहेर काढले आणि त्यांच्या बायकोच्या मयतावर वाजवले. आणि मोबाईलवर लांब गाणं कुणी ऐकत नाही म्हणून गाणं तोडलं. कुठं तोडलं? पाणी गुडघ्याला आलं तिथं. आई अजून आलेली नाही. तिथून परत पहिल्यापासून सुरू. संध्याकाळपासून या सभागृहात ती पाण्याला भिणारी बाई घरातून उठते आहे, नदीपर्यंत येते आहे, मध्यावर पोचली की तिला पुन्हा ओढून अंथरुणात टाकलं जातं आहे. चहा चालू असताना. हारतुरे चालू असताना. माझ्या आधीचे वक्ते 'मातीचा सुगंध' म्हणत होते, तेव्हासुद्धा.

मला काय वाटतं ते सांगायला मी मघापासून शब्द शोधते आहे. राग म्हणून पाहिलं, पण रागात थोडी तरी आशा असते. मला किळस आली आहे. ताटात केस निघाल्यावर येते तशी. पुढचा घास जात नाही. आणि ज्यांनी आमचं गाणं आवडत नाही म्हणून हाकललं असतं, त्यांच्याबद्दल मला एवढी किळस आली नसती. आपल्याला ते आवडलं. आपण रडलात. रडूनसुद्धा हे केलंत.

मागून कुणीतरी म्हणालं, ''ताई, कार्यक्रम पुढे न्या.'' नेते, दादा. पुढे काय आहे ते मला ठाऊक आहे. माझं भाषण संपलं की प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबायचं आहे, आणि हे गाणं सगळ्या जगासाठी खुलं होणार आहे. एकदा गेलं की ते परत आणता येत नाही, हे इथल्या प्रत्येकाला कळतं. उद्यापासून लोक त्यावर रील करतील. हळदीत वाजेल. कुणाकुणाच्या खिशात फोन वाजेल तेव्हा सविताकाकू पाण्यात उभ्या राहतील.

पाहुणे मला खुणेनं सांगताहेत की त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी मानते, साहेब. आता माहीत आहे.

मला हे थांबवण्याचा काही अधिकार नाही. अधिकार एकाच माणसाचा आहे, आणि तो माणूस संध्याकाळपासून हसतो आहे. सर, तुम्ही माझे गुरू आहात, म्हणून चारचौघांत विचारते आहे याची मला लाज वाटते, तरी विचारते. तुम्ही का हसलात? त्यांनी हात ओढला तेव्हा तुम्ही दोन पावलं टाकलीत. मी पाहिलं. लोकांचा हिरमोड नको, भाऊंनी एवढा खर्च केला, पाहुणे लांबून आले, हेच ना? कळवणला तुम्ही थांबला नाहीत म्हणून माणसं वाचली. आज थांबला नाहीत तर कोण वाचणार आहे, सर? मंडळाची पत्रिका?

तुम्ही 'होऊ दे' म्हणालात तर मी या क्षणी खाली बसते. पुंजाबाबांना घेऊन स्टँडवर जाईन, सुरगाण्याची गाडी मिळेल ती धरीन, आणि तुमच्याबद्दल कुणापाशी वाकडा शब्द काढणार नाही. पण तोंडानं म्हणा. हसून नको.

थांबा, कुणी बोलू नका. सर उठताहेत.

सर, माईकवर या ना. नको? बरं.

सर म्हणतात, त्यांना माईकवर बोलता येत नाही, मी सांगावं. ते सांगतील तसं सांगते, माझ्या पदरचं घालत नाही.

सर म्हणतात, गाणं जगात जाणार नाही. भाऊ, तुम्ही माझे मित्र आहात, उद्या घरी या, बोलू, पण ते मशीनमधून काढून टाका. आज, माझ्यासमोर. राजू, काढ.

सर म्हणतात, मी हसलो, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

आणि सर पुंजाबाबांना विचारताहेत, की आता तिचं काय करायचं. बाबा, पुढे या. बाबा म्हणताहेत, नदीतून पुढे न्यायला पाहिजे, आजच. तशीच ठेवता येत नाही. थाळी? थाळी आहे. मंडळानं काचेच्या पेटीत प्रदर्शनाला ठेवण्यासाठी मागवून घेतली होती, ती पेटी उघडा. मेण बाबांच्या पिशवीत असतं.

तर आता असं ठरलं आहे. सत्कार झालेला आहे असं समजावं. शाल सरांनी खुर्चीवर ठेवली आहे, ती तिथंच राहू द्या. बाबा खाली, सरांच्या शेजारी बसून राहिलेलं गाणं म्हणतील. माईक लागणार नाही. ज्यांना बसायचं आहे त्यांनी खाली बसावं. ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ताच निघावं, एकदा थाळी लागली की उठू नये. मोबाईल वर धरू नये. मखमलाबादच्या मावश्यांनो, तुम्ही पुढे या. काकूंना तुम्ही ओळखत होतात, तेव्हा तुम्हालाही दारापर्यंत जाऊ दिलं नव्हतं.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल मंडळाची मी ऋणी आहे, हे उपरोधानं म्हणत नाही, कारण ती मिळाली नसती तर मी नुसती घरी जाऊन रडले असते. राजूदादांनी आवाज बंद केला, त्यांचे आभार. प्रमुख पाहुण्यांनी बटणावरून हात मागे घेतला, त्यांचे आभार. वयानं लहान असून मोठ्यांना बोलले, वेळ ओलांडली, सभेचा शिष्टाचार मोडला, त्याबद्दल आपण मला पदरात घ्यावं. जे बोलले त्यातला शब्द मात्र मागे घेत नाही.

आता हे मयताचं घर आहे. टाळ्या वाजवू नका.